यिर्मया २९:११ नेमकं कोणासाठी? शास्त्राचा अर्थ लावताना मी काय पाहतो

प्रश्न असा आला आहे: नव्या वर्षाच्या उपासनेत एका पाळकांनी यिर्मया २९:११ (तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असं देव सांगतो ती ओवी) हे वर्षाचं वाग्दान म्हणून दिलं आणि सांगितलं, की यंदा अडलेली नोकरी, लग्न, घर सगळं मार्गी लागेल. पुढच्या महिन्यात पाहुणे म्हणून आलेले दुसरे पाळक म्हणाले, हे वचन बाबेलातल्या यहूद्यांना दिलेलं होतं, आपला त्याच्याशी संबंध नाही. दोघेही देवभीरू, दोघांच्या हातात तेच बायबल. मग अर्थ लावायचा कसा? आणि शिकवायला पवित्र आत्मा असताना नियम हवेत कशाला?

माझ्या मते दोघांनीही अर्धं काम केलं. पहिल्यांनी मूळ श्रोत्यांकडे पाहिलंच नाही. दुसर्‍यांनी पाहिलं आणि तिथेच थांबले. बरीच वर्षं मी मराठी मंडळ्यांमध्ये शास्त्राभ्यास घेतो आहे आणि मुळात एवढंच शिकवतो: हे शब्द ज्यांनी पहिल्यांदा ऐकले त्यांना त्यातून काय कळलं ते आधी शोधा. आपल्याला काय लागू होतं ते त्यातूनच निघायला हवं. बाकीचे नियम या एकाच गोष्टीतून फुटतात, म्हणून याच वचनावर जरा जास्त वेळ घालवतो.

यिर्मया २९ हे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेमातून राजा यकन्या, राजमाता, सरदार, कारागीर, लोहार अशा कामाच्या माणसांना उचलून बाबेलला नेलं. मंदिर अजून उभं होतं. ते पडायला आणखी दहा-अकरा वर्षं होती. त्यामुळे नेलेल्यांची आणि मागे राहिलेल्यांची समजूत अशी, की हे संकट थोड्या दिवसांचं आहे. आधीचा २८वा अध्याय वाचून पाहा. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत यिर्मयाच्या मानेवरचं, बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून घातलेलं जू काढून मोडतो आणि परमेश्वराच्या नावाने सांगतो, की दोन वर्षांत बंदिवान परत येतील, मंदिराची पळवलेली पात्रंही परत येतील. लोकांना हवं होतं ते हेच. आणि अध्यायाच्या शेवटी, त्याच वर्षी सातव्या महिन्यात, हनन्या मरतो.

यिर्मयाचं पत्र या वादाच्या मध्यात जातं. यरुशलेमात आता राजा असलेला सिद्कीया बाबेलला दूत पाठवत होता, त्यांच्यापैकी एलासा आणि गमर्‍या यांच्या हाती यिर्मया ते देतो. पत्रात लिहिलंय काय? घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हांला नेलं आहे त्याच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. दोन वर्षांच्या गोष्टी सांगणार्‍या संदेष्ट्यांचं ऐकू नका. दहाव्या ओवीत मुदत येते: सत्तर वर्षं. आणि त्याला लागूनच अकरावी ओवी, की तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत.

आता बाबेलात हे पत्र वाचून दाखवलं जात आहे आणि ऐकणारा माणूस चाळिशीचा आहे, असं डोळ्यांसमोर आणा. सत्तर वर्षं ऐकून त्याने हिशेब केला असेल. तो परतणार नाही, त्याची बायको परतणार नाही, मुलांचीही खात्री नाही. परतलीच तर नातवंडं. त्याला मिळालेली आशा खरी होती, पण ती त्याच्या हयातीपलीकडची होती.

हा केवळ माझा तर्क नाही. पहिल्या श्रोत्यांना काय वाटलं याचा पुरावा त्याच अध्यायात चोविसाव्या ओवीपासून पुढे आहे, आणि तिथपर्यंत फार थोडे लोक वाचतात. बाबेलातला शमाया नेहेलामी नावाचा माणूस यरुशलेमातल्या सफन्या याजकाला लिहितो: या यिर्मयाला तू खोड्यात का घातलं नाहीस? तो आम्हांला कळवतो, की हा काळ लांबणार आहे, घरं बांधून राहा. म्हणजे जे पत्र आपण भिंतीवर फ्रेम करून लावतो, ते ऐकून मूळ श्रोत्यांपैकी एकाने लिहिणार्‍याला शिक्षा करा म्हणून तक्रार केली होती.

इतकं वाचल्यावर पहिल्या पाळकांच्या संदेशाचं काय होतं ते पाहा. यंदाच सगळं मार्गी लागेल, ही भाषा त्या अध्यायांत हनन्याची आहे. शब्द यिर्मयाचे घेतले आणि संदेश हनन्याचा दिला गेला. हे मी जड मनाने सांगतो, कारण त्या पाळकांचा हेतू लोकांना धीर देण्याचाच असणार. पण डिसेंबरपर्यंत ज्याला नोकरी मिळत नाही, तो तरुण पाळकांना दोष देत नाही. तो देवाने शब्द मोडला असं समजतो, किंवा माझाच विश्वास उणा पडला म्हणून स्वतःला खात बसतो. चुकीच्या अर्थाचं बिल नेहमी असा एखादा माणूस भरतो.

मग दुसर्‍या पाळकांचं बरोबर का? त्यांनी एक गोष्ट सोडली. शास्त्रातच या पत्राचा एक वाचक आहे. दानीएल ९ मध्ये म्हातारा दानीएल यिर्मयाचं लिखाण वाचतो, सत्तर वर्षांचा आकडा त्याच्या ध्यानात येतो, आणि तो काय करतो? उपास धरतो, गोणपाट नेसतो, आपल्या आणि लोकांच्या पापांची कबुली देतो. यिर्मयाने बाराव्या-तेराव्या ओवीत जे मागितलं होतं, मला मनापासून शोधा, तेच तो करतो. पुढे इ.स.पू. ५३८च्या सुमारास पर्शियाचा कोरेश राजा परत जाण्याची परवानगी देतो, आणि एज्राच्या पहिल्याच ओवीत लिहिलं आहे, की यिर्मयाच्या मुखातून आलेलं वचन पूर्ण व्हावं म्हणून हे घडलं. वचन पूर्ण झालं म्हणून त्यांनी ते फेकून दिलं नाही; जपून ठेवलं, पुढच्या पिढ्यांना वाचायला दिलं. रोमकरांस १५:४ मध्ये पौल म्हणतो, की पूर्वी लिहिलेलं सगळं आपल्या शिक्षणासाठी आहे, आपल्याला आशा मिळावी म्हणून.

तेव्हा हे वचन आपल्याला लिहिलेलं नाही, पण आपल्यासाठी जरूर आहे. त्यात नोकरीची तारीख नाही. आपल्याच लोकांना शिक्षा झाली तेव्हाही ज्याने त्यांना सोडलं नाही आणि पिढ्या लोटल्या तरी दिलेला शब्द पाळला, असा देव त्यात आहे. आणि थांबायच्या काळात काय करायचं तेही आहे: आहात तिथे मुळं धरा, त्या गावाचं भलं करा. गावाकडून पिंपरी-चिंचवडला किंवा सुरतेला कामासाठी गेलेल्या, कुठेच मन न लागणार्‍या माणसाला हीच सातवी ओवी मी जास्त वेळा वाचून दाखवतो.

इतका सगळा अर्थ हाती लागला तो तीन अध्याय सलग वाचल्यामुळे. संदर्भ, संदर्भ आणि संदर्भ असं आम्ही अभ्यासात म्हणतो ते यासाठी. अध्याय आणि ओव्यांचे आकडे मूळ लेखकांचे नाहीत. आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकात स्टीफन लँगटन या इंग्रज धर्मगुरूची, आणि नव्या कराराच्या ओव्यांचे आकडे रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली घातले. शोधायला फार सोयीचे आहेत. पण त्यांच्यामुळे आपल्याला एकेक ओवी सुटी करून वाचायची सवय लागली, आणि वचनपेटीतून चिठ्ठी काढावी तसं आपण बायबल उघडतो. पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं तेव्हा ते मंडळीत एका बैठकीत वाचलं गेलं असणार. आजही ते मोठ्याने वाचायला अर्धा तास लागत नाही. एकदा वाचून पाहा. मग ४:१३, म्हणजे मला सामर्थ्य देणार्‍याच्या योगे मी सर्व काही करू शकतो, हे वचन दहावीच्या मुलाच्या परीक्षेच्या पॅडवर चिकटवताना हात जरा थबकेल. त्याच्या आधीच्या दोन ओव्यांत बेड्यांत असलेला पौल सांगतो, की भुकेलं राहणं आणि पोटभर खाणं, दोन्ही मी शिकलो आहे. म्हणजे नापास झालेल्या मुलासाठीही ते वचन आहे, आणि माझ्या मते त्याच्यासाठी जास्तच.

दुसरी गोष्ट जी पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही ती म्हणजे लिखाणाचा प्रकार. आपण मराठी माणसं अभंग आणि सातबारा एकाच पद्धतीने वाचत नाही. बायबल हे सहासष्ट पुस्तकांचं (कॅथलिक बायबल त्र्याहत्तर पुस्तकांचं) ग्रंथालय आहे, आणि त्यात कविता, वंशावळ्या, कायदे, दाखले, म्हणी, पत्रं, दृष्टांत सगळं आहे. नीतिसूत्रे २६:४ म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस. लगेच पाचवी ओवी म्हणते दे. संकलन करणार्‍याला हे दिसलं नसेल असं होणं शक्य नाही. त्याने दोन्ही मुद्दाम शेजारी ठेवल्या, कारण म्हण ही वेळ पाहून वापरायची असते. हाच न्याय नीतिसूत्रे २२:६ ला लावा. मुलाला योग्य वळण लावा, म्हातारपणीही तो ते सोडणार नाही. हे शहाणपणाचं बोल आहे, हमीपत्र नाही. ज्यांचा मुलगा दारूला लागला किंवा मंडळी सोडून गेला, अशा आईवडिलांच्या तोंडावर ही ओवी फेकणारे लोक मी पाहिले आहेत. ते करू नका. त्या घरात आधीच पुरेसं दुःख असतं.

ईयोबाचं पुस्तक तर याहून जपून वाचावं लागतं. दुकानाच्या उद्घाटनाच्या पत्रिकेवर ईयोब ८:७ हमखास असतं: तुझी सुरुवात लहान असली तरी तुझा शेवट फार मोठा होईल. हे बोलतो कोण? बिल्दद शूही. कोणाला? ज्याची दहाही मुलं नुकतीच मेली आहेत अशा बापाला. आणि कधी? तीनच ओव्या आधी तो त्या बापाला सुचवतो, की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून देवाने त्यांना त्याचं फळ दिलं. पुस्तकाच्या शेवटी, ४२:७ मध्ये, परमेश्वर स्वतः म्हणतो, की ईयोबाच्या मित्रांनी माझ्याविषयी यथार्थ असं सांगितलं नाही. म्हणून बायबलमध्ये आहे एवढ्यावरून ते देवाचं म्हणणं ठरत नाही. बोलणारा कोण आणि पुस्तक त्याच्याबद्दल शेवटी काय ठरवतं हे पाहावं लागतं. पण हाही नियम डोळे मिटून लावता येत नाही. पौलाने १ करिंथ ३:१९ मध्ये ईयोबाचा दुसरा मित्र अलीफज याचंच एक वाक्य शास्त्र म्हणून दिलं आहे. मित्रांचं तत्त्वज्ञान सगळं खोटं नव्हतं. देव अन्यायाची शिक्षा करतो हे खरंच आहे. ते त्यांनी चुकीच्या माणसाला लावलं. खरं वाक्य चुकीच्या जागी ठेवलं की काय होतं, याचं इतकं सविस्तर उदाहरण शास्त्रात दुसरं नाही.

कथांचंही तसंच. एखाद्याने अमुक केलं असं लिहिलं आहे, एवढ्यावरून तुम्हीही करा असा हुकूम निघत नाही. शास्ते या पुस्तकातल्या गिदोनाने देवाकडे खूण मागायला लोकर खळ्यात ठेवली, म्हणून आपणही देवाला खुणा मागतो: आज फोन आला तर स्थळ मान्य. शास्ते ६:३६-३७ नीट वाचा. गिदोन स्वतः म्हणतो, तू सांगितलं आहेस त्याप्रमाणे. म्हणजे देवाची इच्छा त्याला आधीच कळलेली होती; लोकर त्याच्या भित्रेपणाची खूण आहे, आणि देवाने ती सहन केली. शास्ते हे पुस्तकच अशा काळाबद्दल आहे जेव्हा जो तो आपल्याला बरं दिसेल ते करत असे, आणि शेवटची ओवी तेच सांगते.

दाखल्यांत अर्थ शोधताना उत्साहाला आवर घालावा लागतो. लूक १० मधल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचा ऑगस्टीन यांनी जो अर्थ लावला त्यात जखमी माणूस म्हणजे आदाम, लुटारू म्हणजे सैतान आणि त्याचे दूत, उतारशाळा म्हणजे मंडळी, आणि उतारशाळेचा रक्षक म्हणजे पौल. ऑगस्टीन यांच्याबद्दल मला अपार आदर आहे, आणि त्यांनी सांगितलेलं तारणाचं सत्य बायबलमध्ये आहेच. पण या दाखल्यात नाही. येशूला एका शास्त्र्याने विचारलं होतं, माझा शेजारी कोण? आणि दाखला संपवून येशूने उलट विचारलं, या तिघांपैकी शेजारी कोण ठरला? प्रश्न आणि प्रश्नाची उलटापालट, या दोहोंच्या मध्ये अर्थ आहे. यरुशलेम ते यरीहो रस्ता सुमारे हजार मीटर खाली उतरतो, ओसाड आहे, लुटारूंना सोयीचा. ऐकणार्‍या प्रत्येकाला तो ठाऊक होता. याजक गेला, लेवी (मंदिराचा सेवक) गेला, आता तिसरा कोणी साधा यहूदी येईल अशी त्यांची अपेक्षा असणार. आला शोमरोनी, ज्याच्याशी यहूदी संबंध ठेवत नसत. शास्त्र्याच्या तोंडून शेवटी तो शब्दसुद्धा निघत नाही. ज्याने दया केली तो, एवढंच तो म्हणतो.

आपल्याकडे हा दाखला गरजूंना मदत करा अशा साध्या बोधावर संपवला जातो. मला ते अपुरं वाटतं. महाराष्ट्रात, जिथे सार्वजनिक तळ्यावर पाणी भरण्यासाठी महाडला १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, तिथे तर या गोष्टीला धार यायला हवी. तुम्ही ज्याच्या हातचं पाणी घेत नव्हता, त्याने तुम्हांला उचललं, तेल लावलं, स्वतःच्या जनावरावर बसवलं. मंडळीत आलेल्या प्रत्येक जातीच्या माणसाने हा दाखला स्वतःला जखमी माणसाच्या जागी ठेवून एकदा ऐकावा.

जुना करार थेट आपल्यावर लावताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो दशमांशाच्या, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याच्या बाबतीत. दशमांश भांडारात आणा असं सांगणार्‍या मलाखी ३:१० मध्ये जे भांडार आहे ते मंदिराचं धान्याचं कोठार. लेव्यांना जमिनीचा वाटा नव्हता, त्यांचं पोट त्या कोठारावर होतं. नहेम्या १३ मध्ये दिसतं, की वाटा मिळेना तेव्हा लेवी आणि गायक सेवा सोडून आपापल्या शेतांवर निघून गेले. मलाखीचा राग त्या अन्यायावर आहे. हे वचन उचलून, दागिने गहाण ठेवून दान द्या, शंभरपट परत येईल असं सांगणं म्हणजे ज्या वचनाने गरिबांच्या ताटात धान्य घातलं त्याच वचनाने गरिबांचं ताट ओढून घेणं आहे. नव्या कराराच्या मंडळीने देणगी कशी द्यावी हे विचारायचं असेल तर २ करिंथ ८ आणि ९ वाचा. तिथे मनात ठरवल्याप्रमाणे, दुःखाने नाही आणि जबरदस्तीने नाही असं स्पष्ट आहे. जुना करार ख्रिस्ताकडे नेतो हे येशूने स्वतः अम्माऊसच्या वाटेवर उलगडून सांगितलं (लूक २४:२७), आणि नियमशास्त्राचं ओझं परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहूदी नसलेल्यांवर, किती घालायचं याचा निवाडा प्रेषितांनी यरुशलेमात बसून केला (प्रेषितांची कृत्ये १५). त्या दोन जागा वगळून मलाखीतून थेट आजच्या दानपेटीकडे उडी मारता येत नाही.

कठीण जागा एकट्या वाचू नयेत, हे सांगताना मला १ करिंथ १४:३४ आठवतं: स्त्रियांनी मंडळीत गप्प बसावं. कित्येक मराठी मंडळ्यांत अजून याच ओवीवर बहिणींना उभं राहू दिलं जात नाही. पण त्याच पत्रात तीन अध्याय आधी, ११:५ मध्ये, स्त्रिया प्रार्थना करतात आणि संदेश देतात हे पौल गृहीत धरतो. तिथे तो त्यांच्या मस्तकावरच्या आच्छादनाबद्दल बोलतो, गप्प बसण्याबद्दल नाही. रोमकरांस १६ मध्ये फिबी किंख्रियातल्या मंडळीची सेविका आहे. चौदाव्या अध्यायात गोंधळलेल्या सभेला शिस्त लावणं चाललं आहे, आणि गप्प राहा ही सूचना त्याच अध्यायात अन्य भाषा बोलणार्‍यांना आणि संदेष्ट्यांनाही दिली आहे. यावर अभ्यासू, प्रामाणिक लोकांची मतं वेगळी आहेत, १ तीमथ्य २:१२ (स्त्रीने शिकवू नये असं म्हणणारी ओवी) चाही विचार करावा लागतो. पण सरसकट मौन हा अर्थ पौलाच्या स्वतःच्याच पत्रात टिकत नाही, असं मला ठामपणे वाटतं. जिथे एक ओवी आणि बाकीचं शास्त्र यांत ताण दिसतो, तिथे स्पष्ट जागांच्या उजेडात अस्पष्ट जागा वाचायची.

असं न वाचल्याने काय होतं याचा इतिहास भयंकर आहे. उत्पत्ती ९ मध्ये नोहा शाप देतो तो कनानाला, म्हणजे आपला मुलगा हाम याच्या मुलाला. अमेरिकेत गुलामगिरीच्या समर्थकांनी तो हामाला दिलेला शाप म्हणून शिकवला, हाम म्हणजे आफ्रिकी माणसं असं ठरवलं, आणि व्यासपीठांवरून माणसांची खरेदी-विक्री देवाची व्यवस्था म्हणून मांडली. अध्याय उघडून पाहा: शाप हामाला नाही, कातडीच्या रंगाचा उल्लेख नाही, आणि बोलणारा नोहा आहे, देव नाही. तीन गोष्टी, तिन्ही त्या पानावरच लिहिलेल्या. एवढं कोणी तपासलं असतं तरी पुष्कळ होतं.

मूळ मजकुराविषयी थोडं. मार्क १६:९-२० भोवती तुमच्या बायबलमध्ये कंस किंवा तळटीप असेल. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखितांत मार्कचं शुभवर्तमान आठव्या ओवीवर संपतं. अमेरिकेच्या अ‍ॅपलेशियन डोंगरी भागात साप हातात धरणार्‍या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या याच भागातल्या अठराव्या ओवीवर, आणि त्या प्रथेचे एक मोठे प्रचारक जॉर्ज वेंट हेन्सली १९५५ साली सर्पदंशानेच गेले. तळटीप वाचायला लाजू नका. शंका येईल तिथे दोन-तीन भाषांतरं शेजारी ठेवा. मराठीत आपण यात श्रीमंत आहोत: बायबल सोसायटीची आवृत्ती आहे, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल आहे, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून पंडिता रमाबाईंनी केलेलं भाषांतर आहे. एका विधवा बाईने आजारपणात, आयुष्याच्या अखेरपर्यंत ज्यासाठी कष्ट घेतले, ते आपण निदान उघडून पाहावं.

आता पवित्र आत्म्याचा प्रश्न. तो मनापासून विचारलेला आहे म्हणून मनापासूनच उत्तर देतो. आत्म्याने ज्यांच्याकडून लिहून घेतलं, त्यांच्याकडून त्यांच्या भाषेत, त्यांच्या काळात, त्यांच्या लोकांसाठी लिहून घेतलं. मग त्या भाषेकडे आणि काळाकडे लक्ष देणं हा आत्म्यावरचा अविश्वास कसा? तो तर त्याच्या कामाचा आदर आहे. नहेम्या ८:८ मध्ये लेवी नियमशास्त्र वाचतात आणि लोकांना कळावं म्हणून अर्थ सांगतात. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये आत्मा स्वतः फिलिप्पाला रथाजवळ जायला सांगतो, आणि तिथे गेल्यावर फिलिप्प कूशी अधिकार्‍याला काय विचारतो? वाचता ते तुम्हांला समजतं का? तो म्हणतो, कोणी सांगितल्याशिवाय कसं समजणार. बिरुया गावचे लोक तर पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात पडताळून पाहत आणि प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक त्याबद्दल त्यांची स्तुती करतो. मला आत्म्याने सांगितलं असं म्हटल्यावर पडताळणी थांबते असा प्रघात आपल्याकडे काही ठिकाणी पडला आहे; बिरुयात तसं नव्हतं.

शिवाय मत्तय ४ विसरू नका. सैतान येशूला वचनच सांगतो, स्तोत्र ९१ मधलं, आणि शब्द जवळजवळ बरोबर सांगतो. येशू त्याला त्या ओवीवर वाद घालत बसत नाही. अनुवाद या पुस्तकातलं ६:१६ सांगतो: परमेश्वराची परीक्षा पाहू नको. स्तोत्र ९१ देवावर विसंबणार्‍याचं गाणं आहे, उडी मारून देवाला भाग पाडायचं साधन नाही, हे एका दुसर्‍या वचनाने त्याने दाखवलं. शास्त्राने शास्त्राचा अर्थ लावण्याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

आत्म्याचं काम मला जास्त जाणवतं ते अर्थ कळल्यानंतर. फिलिप्पै ४ चा अर्थ समजायला अभ्यास पुरतो. तो समजून, नोकरी नसताना समाधानी राहायला आत्मा लागतो. आणि तो एकट्याला शिकवतो तसा मंडळीलाही शिकवतो, आजच्या आणि आधीच्या. तुम्हांला असा अर्थ सापडला जो वीस शतकांत कोणालाच दिसला नव्हता, तर आनंदून जाण्याआधी दोन अनुभवी माणसांना दाखवा. हा प्रोटेस्टंट किंवा कॅथलिक असा भेदही नाही. दुसर्‍या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५च्या देई व्हर्बुम या दस्तऐवजातही लेखकाला काय म्हणायचं होतं ते त्याच्या लेखनप्रकारावरून शोधा असंच सांगितलं आहे. वसईत किंवा गोव्यात कॅथलिक शेजारी असतील तर त्यांच्याबरोबर बसून वाचायला काहीच हरकत नाही. मला अशा बैठकींतून पुष्कळ मिळालं आहे.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर मार्क. सोळाच अध्याय, एका दुपारी वाचून होतात, आणि येशू कोण हा एकच प्रश्न सतत समोर राहतो. मग फिलिप्पै, मग योना, मग स्तोत्रं रोज एक. प्रत्येक वेळी वहीत तीनच ओळी लिहा: कोण कोणाशी बोलतो आहे, आधी आणि नंतर काय आहे, आणि हे ऐकून त्यांनी काय केलं असेल. चौथी ओळ, म्हणजे मी काय करायचं, ती त्या तिन्ही भरल्यावरच लिहायची. प्रकटीकरणाची घाई करू नका. त्याच्याकडे जाण्याआधी दानीएल, यहेज्केल आणि जखर्‍या वाचून ठेवा, कारण त्यातली पुष्कळशी चित्रं तिथून आलेली आहेत, आणि पहिल्या तीन अध्यायांतल्या सात मंडळ्यांची नावं नकाशावर शोधा. सगळी आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात सापडतील.